सीडी हंड्रेड: टायमिंग चेन नवी, खळखळ मात्र जुनीच

वारणाकाठ

मंडळी, नमस्कार. गाडी माझी नाही, अण्णांची. म्हणजे माझ्या वडिलांची. हिरो होंडा सीडी १००, १९८८ चं मॉडेल. रंग मूळचा काळा. आता कोणता म्हणायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. अण्णांनी बावीस वर्षं या गाडीवरून डेअरीला दूध घातलं, दोन्ही अंगांना कॅन लटकवून. मी तिसरीत असताना याच टाकीवर बसून शाळेत जायचे. आता मी त्याच शाळेत शिकवते आणि आठवड्यातून एक-दोनदा हीच गाडी नेते. अण्णा सत्त्याहत्तरचे झालेत, गाडी चालवत नाहीत. पण रोज सकाळी किक मारतात, पाच मिनिटं चालू ठेवतात, शेजारी स्टुलावर बसून ऐकतात आणि बंद करतात. चहाच्या आधीचा कार्यक्रम आहे तो.

तर त्या ऐकण्यातूनच हे सुरू झालं. दिवाळीत अण्णा म्हणाले, "हिच्या पोटात काहीतरी सुटलंय." मला आधी काही कळेना. मग कळायला लागलं. डब्यात चिंचोके घालून हलवल्यासारखी खळखळ, इंजिनच्या डाव्या बाजूनं. थंड गाडी सुरू केली की पहिलं मिनिट जोरात, मग कमी. रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये असताना रेस सोडली की पुन्हा येते. रेस धरली की जाते.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी "टायमिंग चेन गेली" म्हणून ती चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती) आणि तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा रोलर बदलला. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, ऑइल बदललं. साडेचौदाशे रुपये झाले. पंधरा दिवस खळखळ नव्हती, पण त्या जागी एक बारीक सूंऽऽ असा आवाज यायचा, मिक्सर लांब चालू असल्यासारखा. मग सूं गेला आणि खळखळ परत आली. आता ते म्हणतात ब्लॉक-पिस्टन करावं लागेल, सात-आठ हजार.

धूर नाही. ॲव्हरेज पूर्वीसारखंच आहे. पिकअपबद्दल बोलण्यात अर्थ नाही, तो या गाडीला कधी नव्हताच.

नवी चेन खराब निघू शकते का? आणि हेड उघडायच्या आधी मला घरी काही तपासता येईल का? अण्णांचा पान्यांचा डबा आहे, हातही चालतो. पंक्चर आणि क्लच केबल माझी मीच करते.

सिंहगडरोडवाला

ताई, अर्धवट कामं करून उपयोग नाही. फुल किट टाका: चेन, दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), दोन्ही रोलर, सगळं. आणि ऑइल जाड घाला, २०डब्ल्यू५०. माझ्या मामाच्या स्प्लेंडरचा आवाज एका दिवसात गेला होता. नाहीतर विकून टाका, पुण्यात सध्या जुन्या सीडी हंड्रेडला गिऱ्हाईक आहे.

नगरी_बुलेट

म्हणून सांगतो, बुलेट घ्या. जुन्या बुलेटला टायमिंग चेनच नाही. गिअरवर कॅम, कॅमवर पुश रॉड. चेनच नाही तर वाजणार काय!

जुना_पाना

बुलेटवाले दादा, तिला टायमिंग चेन नाही हे खरं. पण तुमच्या डाव्या कव्हरात प्रायमरी चेन आहे आणि तिलाही टेन्शनर आहे. तो कधी बघितलाय का? बघा एकदा.

आता ताई, तुमचं.

मी कराडला चौतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. सीडी हंड्रेड १९८५ ला आली तेव्हा मी एका मिस्त्रीच्या हाताखाली होतो. तोवर आमच्याकडं यायच्या त्या राजदूत, येझदी, लँब्रेटा. सगळ्या टू स्ट्रोक. त्यांना व्हॉल्व्हच नाहीत, मग टायमिंग चेन कुठली? त्यामुळं पहिली सीडी हंड्रेड उघडली तेव्हा आत सायकलच्या चेनची नात बसल्यासारखी ती बारीक चेन बघून आम्ही चौघं वाकून बसलो होतो. कंपनीची जाहिरात होती, "फिल इट, शट इट, फर्गेट इट". पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. लोकांनी ते ऑइलच्या बाबतीतही मनावर घेतलं. त्यावर माझं घर चाललं.

तुम्ही आवाजाचं जे वर्णन केलंय ना, त्यात निम्मं उत्तर आहे. कुठला आवाज कुणाचा, ते आधी वेगळं करू.

टॅपेटचा आवाज वरून येतो, हेडमधून. टिक टिक टिक, शिलाई मशीनसारखा, आणि एकसारखा. रेस वाढवली की टिकटिक जलद होते, पण तिची जात बदलत नाही. पिस्टनचा आवाज मधून येतो, ब्लॉकमधून. थंड असताना टकटक, तापल्यावर कमी. कनेक्टिंग रॉडचा ठोका खालून येतो, जड, आणि चढाला लोड आला की वाढतो. तो असेल तर गाडी चालवू नका, ढकलत आणा. टायमिंग चेनची मात्र खळखळ असते, ती एका तालात नसते, डाव्या अंगाला मॅग्नेट कव्हरपासून (वीज तयार करणाऱ्या चाकावरचं झाकण) हेडपर्यंत पसरलेली असते. आणि रेस सोडताना येते. रेस धरली की चेनची एक बाजू क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, ओढून धरतो. रेस सोडली की ती ओढ क्षणभर जाते, चेन मोकळी होते आणि भिंतीला घासते. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. त्यामुळं गॅरेजवाल्यानं दुखणं ओळखलं बरोबर. पण चेनच गेली असं धरून चालला, तिथं चुकला असा मला संशय आहे.

घरात मोठा स्क्रू ड्रायव्हर असेल. त्याचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाच्या पुढच्या हाडाला. गाडी चालू ठेवून आधी हेडवर, मग ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मग मॅग्नेट कव्हरच्या खालच्या भागाला. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. ओढणी, पदर, केस बांधून घ्या आणि सायलेन्सरपासून हात लांब. कुठं सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं ते सांगा.

आता हे टेन्शनर प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी फसवणार नाही. या आडव्या होंडा इंजिनात चेन खाली क्रँकच्या दातांवर आणि वर कॅमच्या स्प्रॉकेटवर. क्रँक दोन फेरे फिरला की कॅम एक. चेनच्या खालच्या बाजूला एक रबरी रोलर आहे, तो एका छोट्या हातावर बसवलाय. त्या हाताच्या दुसऱ्या टोकाला खालून एक दांडी ढकलत असते. तिला आम्ही पुश रॉड म्हणतो. (बुलेटचा तो वेगळा बरं का.) दांडीच्या डोक्यावर रबराची टोपी, बुडाला स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या खाली इंजिनाच्या पोटाला एक बोल्ट. पण निव्वळ स्प्रिंग असती तर चेनच्या झटक्यानं दांडी खालीवर नाचली असती. म्हणून दांडीत एक बारीक छर्रा आहे. ऑइल आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. दांडी वर सहज जाते, खाली यायला मात्र ऑइल अडवतं. दरवाजाला वर तो आपोआप बंद करणारा दांडा असतो ना, साधारण त्याच हिशेबानं.

छर्रा गाळानं अडकला, किंवा डोक्यावरचं रबर झिजलं, किंवा स्प्रिंग बसली, की चेन नवी असो नाहीतर सोन्याची, ती खळखळणारच. आणि छर्रा नीट बसत नसेल तर रात्रभरात आतलं ऑइल निघून जातं. सकाळी पहिलं मिनिट जोरात, मग कमी. तुम्ही लिहिलंय तसंच.

म्हणून माझं म्हणणं, चेनवर आरोप ठेवायच्या आधी तिची जबानी घ्या. मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं आहेत. मोठ्यातून क्रँकचा नट दिसतो, छोट्यातून मॅग्नेटवरच्या खुणा. हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढा, कॅमचं स्प्रॉकेट दिसेल. प्लग काढून ठेवा म्हणजे कॉम्प्रेशन आड येणार नाही. नटाला बॉक्स पाना लावून घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा, टी खूण खाचेसमोर आणा. तेव्हा स्प्रॉकेटवरचा गोल ठिपका हेडवरच्या खुणेसमोर यायला हवा. नाही आला तर अजून एक फेरा. टी ओलांडून पुढं गेलं तर उलटं मागं आणू नका, पूर्ण फेरा मारून परत या. मागं फिरवलं की ढील दुसऱ्या बाजूला जाते आणि खूण खोटं बोलते.

ठिपका बरोबर समोर: चेनची लांबी ठीक आहे. अर्धा दात मागं राहत असेल: चेन लांबली. सरळ एक दात इकडं-तिकडं: बसवणाऱ्यानं चुकवलंय, पण मग गाडीला ओढही राहत नाही.

हे बघून सांगा. तोवर पोटाचा बोल्ट उघडू नका. आणि जाड ऑइलचं म्हणाल तर, जाड ऑइलनं आवाज दबतो, दुखणं दबत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला.

एक विचारायचं राहिलं. अण्णा गाडी रोज पाचच मिनिटं चालू ठेवतात का? तापेपर्यंत नाही?

वारणाकाठ

काका, काय सांगू! शेजारची दोन मुलं आणि अण्णा, सगळे रांगेनं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून उभे होते. हेडवर शिलाई मशीन हलकं ऐकू येतं. चिंचोके सगळ्यात स्वच्छ ऐकू येतात ते खाली, मॅग्नेट कव्हरच्या बुडाशी. वर जाऊ तसे कमी.

खुणा बघितल्या. पहिल्यांदा टी ओलांडून गेलं, तुम्ही म्हणालात तसा पूर्ण फेरा मारून परत आले. ठिपका अगदी समोर, केसभरही फरक नाही. फोटो काढून ठेवलाय. मग मी मॅग्नेटचा नट हलकेच पुढं-मागं हलवून बघितला. मागं हलवताना थोडा वेळ खालचं हलतं आणि वरचं स्प्रॉकेट जागचं हलत नाही. म्हणजे ढील आहे. पण चेन लांबलेली नाही. बरोबर ना?

आणि हो, रोज पाचच मिनिटं. तापत नाही. गेली सहा-सात वर्षं असंच चालू आहे. का विचारलंत?

जुना_पाना

बरोबर. चेन निर्दोष, सुटली. आता खालच्या दांडीला बोलवा.

एक अंदाज सांगून ठेवतो, चुकला तर हसा. पंधरा दिवस जो सूं आवाज होता, तो चेन गरजेपेक्षा जास्त ताणल्याचा. नवी चेन टाकूनही खळखळ थोडी राहिली असणार, म्हणून कुणीतरी स्प्रिंगच्या खाली वायसर टाकून ती दाबली असणार. हा जुना उद्योग आहे. मीही शिकाऊ असताना केलाय आणि मिस्त्रीचा मार खाल्लाय. गाडी गिऱ्हाइकाला देताना आवाज नसतो एवढंच. आत रोलर आणि दांडीचं रबर भरडून निघतं.

ऑइल सोडायचा मोठा बोल्ट १७ च्या पान्याचा. त्याच्या डाव्या अंगाला १४ च्या पान्याचा एक बोल्ट दिसेल, तो टेन्शनरचा. खाली ताट ठेवा, थोडं ऑइल येईल. शेवटचे आटे हातानं सोडा, बोट खाली धरून, कारण स्प्रिंग ढकलते. आधी स्प्रिंग, मग दांडी खाली येईल. स्प्रिंगचं कोणतं टोक वर होतं त्याचा फोटो काढा. दांडीच्या डोक्यावर रबर आहे का बघा. नसेल तर ते आत कुठंतरी फिरतंय. मग डावं कव्हर आणि मॅग्नेट काढून रोलर बघावा लागेल आणि उजव्या कव्हरातली ऑइलची जाळीही. मॅग्नेट पुलरनंच (ओढून काढायच्या हत्यारानं) काढायचं. हातोडी दिसली तरी लपवून ठेवा.

पाच मिनिटांचं नंतर बोलू. अण्णांच्या देखत वाचत असाल म्हणून.

कॉव्हेंट्रीकर

वाचून राहवलं नाही. मी मूळचा मालवणचा, एकोणीस वर्षं इंग्लंडात. माझ्याकडे होंडा सीएक्स ५०० आहे, १९७८ ची. इथं तिला प्लास्टिक मॅगॉट म्हणतात, म्हणजे प्लास्टिकची अळी. रूप बघाल तर नाव पटेल.

टेन्शनरच्या बाबतीत या गाडीची कथा मोठी आहे. पहिल्या गाड्यांचे टायमिंग चेनचे टेन्शनर इतके गोत्यात आले की होंडानं गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या. दुरुस्त केलेल्या इंजिनाच्या नंबरापाशी तीन ठिपके ठोकलेले असतात. आजही जुनी सीएक्स घ्यायला गेलात तर जाणकार माणूस आधी गुडघ्यावर बसून ते तीन ठिपके शोधतो, बाकीची गाडी नंतर बघतो. शिवाय चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला. ती बदलायची म्हणजे अख्खं इंजिन फ्रेममधून उतरवायचं. तुमच्या आडव्या इंजिनात पोटाच्या एका बोल्टातून टेन्शनर हाताला येतो हे वाचून खरंच हेवा वाटला.

माझ्या मित्राकडं १९७१ ची होंडा सीबी ७५० आहे. तिचा टेन्शनर हातानं लावायचा. लॉक बोल्ट सैल केला की आतली स्प्रिंग आपोआप ढील काढते, मग बोल्ट परत आवळायचा. बस. पण "ॲडजस्टर" हे नाव ऐकलं की माणसाला आवळावंसं वाटतं. आधीच्या मालकानं तो बोल्ट वर्षानुवर्षं नुसता आवळत नेला होता, सैल कधी केलाच नाही. दांडी आत अशी घट्ट बसलेली की तीन दिवस गंज सोडवायचं ऑइल पाजून मग हलली. चेन बिचारी चांगली होती. तिथंही नवी चेन आधीच मागवून ठेवलेली!

सिंहगडरोडवाला

म्हणजे फुल किट टाकू नका म्हणता? मग मामाच्या गाडीचा आवाज कसा गेला?

जुना_पाना

दादा, फुल किटात कधी कधी दांडी आणि स्प्रिंगही येते. मामांची दांडीच गेलेली असेल, तिच्याबरोबर बाकीच्या चार जणींची बदली झाली. माझा किटाला विरोध नाही. ऐंशी हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत मी स्वतः सगळं बदलीन, कारण जुन्या स्प्रॉकेटचे दात नव्या चेनला खातात. पण आधी काय गेलंय ते कळू दे. औषध लागू पडलं पण कशावर ते माहीत नाही, असं काम मला आवडत नाही.

वारणाकाठ

काका, हसायची वेळ तुमच्यावर आली नाही. आमच्यावर आली.

रविवारी सकाळी उघडलं. ताट खाली, अण्णा स्टुलावर. बोल्ट सुटता सुटता ऑइल आलं, त्याबरोबर एक वायसर टण्णकन ताटात पडला. मग दुसरा. अण्णा म्हणाले, "हे कंपनीचे नव्हेत." मग स्प्रिंग. ती सरळही नव्हती, मधे थोडी वाकलेली. मग दांडी. डोक्यावरचं रबर अर्धं होतं, उंदरानं कुरतडल्यासारखं. दांडी हलवली तर छर्रा वाजायला हवा ना? वाजेना. रॉकेलमध्ये ठेवली, बारीक तारेनं हळू टोचलं, फुंकर मारली, तेव्हा कुठं आतून काळपट-पिवळं लोण्यासारखं काहीतरी निघालं आणि छर्रा टिकटिकला. शेजारच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अर्धं रबर कुठं गेलं म्हणून उजवं कव्हरही उघडलं. त्यासाठी फूटरेस्ट, किक, सगळं काढावं लागलं आणि संध्याकाळ गेली. खालची जाळी ओढून काढली तर तिच्यावर रबराचे काळे कण, साबुदाण्याएवढे, आणि तेच पिवळं लोणी. जाळी निम्मी बंद होती. हे बघून मात्र पोटात गोळा आला. ऑइल वर हेडला कसं पोचत होतं कोण जाणे. डावीकडं मॅग्नेट मात्र मी काढलं नाही, पुलर नव्हता. ते ओळखीच्या एका फिटरला घरी बोलावून काढून घेतलं. रोलरच्या रबराला खोल चर पडली होती, तीन महिन्यांचा रोलर असून. तोही बदलला.

पार्ट सांगलीला मिळाले. जुनी दांडी आणि स्प्रिंग हातात घेऊनच गेले, दुकानातल्या तीन वेगवेगळ्या स्प्रिंगा शेजारी उभ्या करून बघितल्या. एक तर दिसायला तीच पण चांगली बोटभर आखूड. दुकानदार म्हणाला, "चालते हो." मी म्हटलं, "मला नाही चालत." दांडी, रबर, स्प्रिंग, रोलर, तांब्याचा वायसर, कव्हरांची पॅकिंग, सगळं मिळून पहिल्या बिलाच्या निम्मेही झाले नाहीत.

बसवताना दांडीच्या भोकात स्वच्छ ऑइल घातलं, मग स्प्रिंग, मग बोल्ट. इथं माझी एक चूक झाली. बोल्ट आधी हातानं लावायचा हे माहीत असून घाईत पाना लावला, तो तिरपा गेला आणि दोन आटे खरडले. सध्या बसलाय, पण रात्रभरात एक थेंब ऑइल खाली दिसतं. त्याचं काय करू?

आणि मुख्य गोष्ट. किक मारली. चार-पाच सेकंद खळखळ, मग बंद. एकदम बंद. अण्णा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आता टिकटिक ऐकू येतीय." खरंच येत होती. आधी खळखळीखाली दबली होती. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून बघितलं तर एक टॅपेट ढिला. थंड इंजिनवर मॅन्युअलप्रमाणं लावला. आता अण्णांना ऐकायला काही उरलं नाही, म्हणून जरा नाराज दिसतात.

पाच मिनिटांचं काय ते आता सांगा. अण्णा शेजारीच बसलेत, पण सांगा.

जुना_पाना

अण्णा, रामराम. रागावू नका.

ते पिवळं लोणी म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतंच. इंजिन थंड असलं की ते वाफ होऊन बाहेर पडत नाही, आतच थंड होऊन ऑइलमध्ये उतरतं. गाडी नीट तापली की उडून जातं. पाच मिनिटांत ती तापत नाही. रोज सकाळी थोडं पाणी, सहा-सात वर्षं. नदीकाठची हवा तुमची, त्यात अजून भर. त्याचं झालं दही, दह्याचं लोणी, आणि ते जाऊन बसलं सगळ्यात बारीक भोकात, त्या छर्‍यापाशी. चेन खळखळायला सुरुवात तिथून झाली. वायसर नंतर आले. गॅरेजवाल्यानं ती चूक केली, पण पहिली खोड त्याची नव्हे.

गाडी रोज चालू करायची असेल तर आठ-दहा किलोमीटर फिरवून आणायची. नाहीतर चालूच करायची नाही; पेट्रोलची चावी बंद, कापड टाकून उभी. आठवड्यातून एकदा लांब नेली तर उत्तम. अधलंमधलं काही नको. आणि आत्ताचं ऑइल पाचशे किलोमीटरवर पुन्हा बदला. जाळी साफ केली तरी कानाकोपऱ्यात लोणी राहिलंय, ते धुऊन निघू द्या.

ताई, बोल्टाचं. थेंबभर असेल तर आधी नवा तांब्याचा वायसर टाकून बघा. थांबलं नाही तर तो बोल्ट जोर लावून आवळू नका, अंगाचे आटे ॲल्युमिनियमचे आहेत, उरलेलेही निघून येतील. लेथवाल्याकडं जाऊन हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, बसवून घ्या. आटे पाडताना निघणारा बुरा आत जाणार नाही असं बघा. टॅपला ग्रीस लावून घे म्हणावं, बुरा त्याला चिकटतो. आणि एम-सीलची लप्पी मारायचा मोह होईल तुम्हाला. नका मारू. पुढच्या वेळी तो बोल्ट सुटणार नाही आणि पुढची वेळ येणार आहे.

जुनी दांडी टाकू नका. छर्रा मोकळा झालाय, नवं रबर बसवलं की अडीअडचणीला चालेल. ऑइलच्या कापडात गुंडाळून अण्णांच्या डब्यात ठेवा.

नगरी_बुलेट

काका, तुमचं ऐकून प्रायमरी कव्हर उघडलं. टेन्शनरच्या पॅडला चर आहे आणि चेन बोटानं बरीच खालीवर होते. किती चालते?

जुना_पाना

नवा विषय काढा दादा, फोटो टाका. चेन एकाच जागी बघू नका, फिरवत चार ठिकाणी बघा. सगळ्यात घट्ट लागते तिथं किती हलते ते लिहा.

वारणाकाठ

वायसर बदलला, थेंब थांबला. तूर्त हेलिकॉइल लांबणीवर.

अण्णांनी तुमचं लिहिलेलं दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "आठ किलोमीटर म्हणजे डेअरी आणि परत." सोमवारपासून रोज सकाळी सहाला मी चालवते, ते मागं बसतात. डेअरीवर कुणीतरी चहा देतंच. परतताना रेस सोडायच्या उताराला ते माझ्या खांद्यावर थाप मारतात, म्हणजे मी गप्प बसायचं, त्यांना ऐकायचं असतं.